सहावी सही

साहेबांचा उमेदवारी अर्ज घरी आला तेव्हा वहिनींनी तो नीट वाचला, टेबलाच्या उजव्या खणात ठेवला, वर कात्री ठेवली आणि खण लावून टाकला. समोर बसलेल्या भाऊजींच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. भाऊजी म्हणजे साहेबांचे चुलतभाऊ. साहेबांच्या पाचही निवडणुका त्यांनी पायाला भिंगरी लावून लढवल्या होत्या.

"वहिनी, सही?"

"ज्याचा अर्ज त्याची सही. यंदा त्यांची त्यांना करू दे."

"अहो, पण आजवर तुम्हीच..."

"आजवर केली म्हणून तर म्हणते."

भाऊजींनी उरलेला चहा एका घोटात संपवला. वहिनींचा आवाज चढला की काळजीचं कारण नसे. तो असा खाली उतरला की शहाण्या माणसाने आपल्या चपला शोधाव्यात, एवढं त्यांना पंचवीस वर्षांत कळलं होतं. त्यांनी दुसरा कोरा अर्ज आणायचं ठरवलं आणि निघाले.

आता ही सहीची काय भानगड, ते आधी सांगायला हवं. साहेब मुळात भूगोलाचे मास्तर. लग्नानंतर पहिलं वर्षभर त्यांची नोकरी दूरच्या शाळेत होती आणि वहिनी इकडे सासरी. त्या वर्षात साहेबांनी अडतीस पत्रं लिहिली. दुपारी घर निजलं की वहिनी एक पत्र काढायच्या आणि खालची सही बोटाने गिरवत बसायच्या. पुढे बोटाच्या जागी पेन्सिल आली. माणूस जवळ नसला तर निदान त्याच्या हाताची खूण तरी आपल्या हाताखाली असावी, एवढाच त्यामागचा विचार. वर्षअखेरीला साहेबांची सही त्यांना साहेबांपेक्षा चांगली यायला लागली.

एकच फरक त्यांनी केला. साहेबांच्या सहीचं शेपूट शेवटच्या अक्षरावरून जे निघायचं ते सरळ कागदाच्या काठाकडे धावायचं, जणू शाळेची घंटा झाली. वहिनी ते खालून मागे वळवायच्या आणि पहिल्या अक्षरापाशी आणून सोडायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "बरं दिसतं."

मग साहेबांना राजकारणाने धरलं. पहिल्या निवडणुकीचा अर्ज भरायच्या आठवड्यातच ते स्कूटरवरून पडले आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. अर्ज समोर, मुदत उद्याची. साहेब म्हणाले, "तूच कर गं. तुला येतेच की." वहिनींनी केली आणि दोघं पोट धरधरून हसली. ते हसणं वहिनींना अजून लख्ख आठवतं. साहेबांचा प्लास्टरचा हात टेबलावर ओंडक्यासारखा पडलेला, डाव्या हाताने ते डोळे पुसतायत आणि म्हणतायत, "बघ हां, उद्या निवडून आलो तर जायचं कुणी, तू की मी?"

गेले साहेब. राजधानी रात्रभराच्या प्रवासावर. आठवड्याभरात इकडे दारात माणसं उभी. कुणाला दवाखान्यासाठी पत्र हवं, कुणाच्या गल्लीत दिवा नाही, कुणाच्या सासऱ्याचं पेन्शन अडलेलं. वहिनींनी पुढच्या खोलीत टेबल मांडलं, पत्र लिहिलं, खाली सही केली आणि रात्री फोनवर साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "चालू दे." ते "चालू दे" पंचवीस वर्षं चाललं. सकाळी आठ ते अकरा पत्रं, आणि दर पाच वर्षांनी एक उमेदवारी अर्ज. तिकडे सभागृहाच्या हजेरीपटावर साहेब आपली खरी सही करत, पण तो हजेरीपट आणि हे कागद शेजारी ठेवून पाहणार कोण?

लोक म्हणत, साहेब राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात तरी दर वेळी निवडून कसे येतात? शेळ्या कोण हाकत होतं ते दारात येणाऱ्यांना ठाऊक होतं. ते काही बोलत नसत. वहिनींना तर बोलायला वेळच नसे.

वेळ नसे, पण वाट पाहायला वेळ लागतो थोडाच? हाताने पत्र लिहिता लिहिता, पाणी भरता भरता माणूस वाट पाहू शकतो. साहेब महिन्यातून दोनदा यायचे. शुक्रवारी आले की रविवारी निघाले. त्यांची काळी बॅग पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात उभी राहायची, चेन अर्धी उघडी. कपडे तिच्यातूनच निघायचे आणि तिच्यातच परत जायचे. पंख्याचं बटण कुठलं हे साहेबांना पंचवीस वर्षांत पाठ झालं नाही. दर वेळी आधी दिवा लागायचा. साखरेचा डबा कुठे आहे विचारायचे. वहिनी उठून द्यायच्या आणि पाठ फिरवून क्षणभर ओट्याशी उभ्या राहायच्या. पाहुण्याला साखर कुठे आहे ते सांगत नाहीत, आणून देतात. घरच्या माणसाला म्हणतात, डोळे आहेत ना, बघ. वहिनींना कितीदा तरी वाटायचं की एकदा आपण असं खेकसावं. पण दोन दिवसांसाठी आलेल्या माणसावर खेकसायचं तरी कसं?

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली. तिला वडील आठवायचे ते मुदतींच्या हिशोबाने. पहिल्या मुदतीत ती शाळेत गेली, तिसऱ्या मुदतीत तिला कावीळ झाली, चौथ्या मुदतीच्या शेवटी लग्न. फोनवर म्हणायची, "आई, तूच का नाही राहत उभी? बाबांना निदान तुझ्याकडे काम घेऊन तरी यावं लागेल." वहिनी हसायच्या. हसून फोन ठेवला की खोली जरा जास्तच रिकामी वाटायची.

आणि मग या वर्षी ते विधेयक आलं.

राष्ट्रीय सभागृहात कुणीही तीन मुदतींहून जास्त काळ बसू नये, असं ते विधेयक होतं. पेपरात रोज त्यावर रकाने भरून येत. एक म्हणे, जुनी खोडं हलल्याशिवाय नव्या रोपाला ऊन कसं मिळणार? दुसरा म्हणे, अनुभवी माणसाला घरी बसवलं तर कारभार बाबू लोकांच्या हातात जाईल. टेबलापाशी येणारी माणसंही वाद घालत. पलीकडच्या गल्लीतला शिंपी म्हणाला, "शिलाईकामात तर तीस वर्षं झाल्याशिवाय कॉलर धड बसत नाही. यांना पंधरा वर्षांत घरी का पाठवायचं?" त्यावर नळदुरुस्तीवाला म्हणाला, "मामा, तुमची कॉलर बिघडली तर मी दुसऱ्या शिंप्याकडे जातो. यांचं तसं आहे का?" वहिनी दोघांचंही ऐकून घ्यायच्या. त्यांचं स्वतःचं मत तयार होतं आणि ते दोघांनाही सांगण्यासारखं नव्हतं.

कारण त्या महिन्यात साहेब आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आपणहून म्हणाले होते, "मी बाजूने मत देणार आहे. पुरे झालं आता. मंजूर झालं की मी मोकळा."

वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "खरंच?"

"खरंच. गुडघे दुखतात माझे तिथल्या पायऱ्यांवर. आणि..." साहेबांनी वाक्य अर्धंच सोडलं.

त्या अर्ध्या वाक्यावर वहिनींनी दोन महिने काढले; अधिवेशनामुळे साहेबांचं मधे येणंही झालं नाही. साहेब गेल्यावर कपाटातले दोन कप्पे रिकामे केले. तिथल्या गोधड्या माळ्यावर टाकल्या, कप्प्यांत नवा कागद घातला. पंख्याच्या बटणावर लाल ठिपका काढला. साठीच्या उंबरठ्यावर आलेली बाई नव्या नवरीसारखी कप्पे पुसतेय, हे कुणी पाहिलं असतं तर त्या लाजेने मेल्या असत्या. पण पाहायला घरात होतं कोण?

मतदानाच्या दिवशी त्यांनी टीव्ही लावला. साहेब बोलायला उभे राहिले. केस नीट बसवलेले, आवाज भरदार. म्हणाले, "लोकांच्या हातातला अधिकार कायद्याने काढून घेऊ नका. मला घरी पाठवायचं असेल तर माझ्या लोकांनी पाठवावं, कायद्याने नव्हे!" बाकं वाजली. मग त्यांनी एक दुरुस्ती मांडली. मुदतींवर मर्यादा नको. फक्त जो तीनहून जास्त वेळा निवडून आला आहे त्याने अर्जाबरोबर तसं जाहीर करावं आणि निवडणूक अधिकाऱ्याने त्याचे सगळे जुने अर्ज काढून ते पडताळून पाहावं. म्हणजे सापही मेला आणि काठीही शाबूत. मर्यादेचं मूळ कलम अकरा मतांनी पडलं, दुरुस्ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली.

वहिनींनी टीव्ही बंद केला. "माझ्या लोकांनी पाठवावं म्हणे," त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या. "लोकांत मी नाही वाटतं?" मग त्यांनी स्टूल घेतलं, माळ्यावरच्या गोधड्या खाली काढल्या आणि एकेक करून परत कप्प्यांत कोंबल्या. शेवटची गोधडी बसत नव्हती. तिला गुडघ्याने दाबताना त्यांना रडू कोसळलं, आणि रडताना रागही आला, कारण नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

म्हणून त्या अर्जावर कात्री ठेवली गेली होती. भाऊजींनी नवा अर्ज थेट राजधानीला नेला, साहेबांनी स्वतःच्या हाताने सही केली, शेपूट सरळ काठापर्यंत सोडलं, आणि अर्ज दाखल झाला.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब अचानक दारात उभे. वार मंगळवार. मंगळवारी साहेब घरी आले असं कधी झालं नव्हतं. मागे भाऊजी, तोंड पार उतरलेलं.

"अगं, घोळ झालाय," साहेब म्हणाले.

घोळ असा होता. निवडणूक अधिकारी एक तरुण बाई होत्या, नेमाला पक्क्या. नव्या दुरुस्तीप्रमाणे त्यांनी साहेबांच्या पाचही मुदतींचे जुने अर्ज काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. मुदती बरोबर पाच भरल्या. पण पाच अर्जांवरच्या पाच सह्या एका साच्यातल्या आणि सहावी भलतीच. बाईंनी लेखी कळवलं की या अर्जावरची सही उमेदवाराची वाटत नाही. उमेदवाराने दुपारी तीनच्या आत समक्ष येऊन, माझ्यासमोर, एकदाच सही करावी. जुन्या सह्यांशी जुळली तर अर्ज वैध, नाहीतर बाद.

"म्हणजे," वहिनी सावकाश म्हणाल्या, "तुमची खरी सही खोटी ठरली."

"हसू नकोस."

"मी कुठे हसतेय?"

"माझीच दुरुस्ती," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. आता तू मला ती सही शिकव. साडेअकरा झालेत."

भाऊजी हात जोडायच्या बेतात होते. वहिनींनी त्यांना बाहेर गाडीत बसायला सांगितलं. "तुम्ही इथे असलात की घड्याळाकडेच बघत राहाल."

आता खोलीत दोघंच. वहिनींच्या मनात काय चाललं होतं ते लपवण्यात अर्थ नाही. कायदा जे करू शकला नाही ते आता त्यांच्या हातात होतं. नाही शिकवणार, एवढं म्हटलं की झालं. किंवा तेही नको. शिकवायचं, पण जरा चुकीचं. कुणाला कळणार होतं? त्यांनी कोऱ्या कागदांची चवड ओढली, बॉलपेन काढलं आणि साहेबांच्या शेजारी खुर्ची घेतली. समोर नाही, शेजारी. सही उलट्या बाजूने शिकवता येत नाही.

"पहिल्या अक्षराची मान गोल. तुमची चौकोनी होते. मग तीन टेकड्या, शेवटची बुटकी. आणि शेपूट खालून मागे."

साहेबांनी केली. शेपूट सरळ गेलं.

"मागे, अहो. मागे वळवा."

पुन्हा सरळ. पुन्हा. दहाव्या वेळीही सरळ. पालथ्या घड्यावर पाणी. वहिनी म्हणाल्या, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं म्हणतात. तुमचं वाकडंच होत नाही."

साहेब हसले. भाषणात हसतात तसं नाही. खांदे हलवून, प्लास्टरच्या वेळचं. वहिनींनी चटकन कागद सरळ केला.

मग त्यांनी साहेबांच्या हातावर हात ठेवला आणि पेन त्यांच्यासकट फिरवलं. हात जाड झाला होता. मनगटावर मोडलेल्या हाडाचा उंचवटा तसाच होता. एकदा, दोनदा, पाच वेळा. कागद भरले. बाराचे साडेबारा झाले. दोघांनी टेबलावरच काहीतरी चार घास खाल्ले. या टेबलाशी एवढा वेळ दोघं सलग कधी बसली होती, हे वहिनींनी आठवून पाहिलं आणि आठवणं थांबवलं.

कागद संपले तसा साहेबांनी डावीकडचा खण उघडला. त्यात कोरे कागद नव्हते. पत्रांच्या नकला होत्या, दोऱ्याने बांधलेले गठ्ठे, वर्षावार. साहेबांनी एक गठ्ठा सोडला आणि वाचायला लागले. "तुमच्या मुलीच्या खोकल्याबद्दल मोठ्या डॉक्टरांना लिहिलं आहे. शुक्रवारी जा, पण तिला सकाळी उपाशी नेऊ नका, तिथे फार वेळ बसवतात." दुसरं उघडलं. "तुमचं पेन्शन अडलं आहे ते कारकुनाच्या चुकीने, तुमच्या नव्हे. तेव्हा आधी तुम्ही शांत झोपा." तिसरं, चौथं. सगळ्यांखाली त्यांची सही, शेपूट मागे वळलेलं.

"हे मी लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या नावाच्या माणसाने."

"बरा माणूस दिसतोय."

"हो. लोकांना आवडतो. मलाही आवडायचा." वहिनी गठ्ठा पुन्हा बांधत होत्या. दोरा दोनदा सुटला. "सगळ्या गावाला लिहिलं त्याने. मला मात्र पंचवीस वर्षांत एकही पत्र नाही लिहिलं."

असं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. साहेबांनी पाठीमागचा भाग कोरा असलेला एक कागद घेतला आणि खाली मान घालून सह्या करायला लागले, एकामागून एक, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

सव्वादोन वाजता शेपूट वळलं.

नुसतं वळलं नाही, पहिल्या अक्षरापाशी येऊन अलगद थांबलं. साहेबांनी पुढची केली, तीही तशीच. तिसरी, चौथी. वहिनींनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. त्यांच्या स्वतःच्या सहीत आणि या सहीत त्यांनाही फरक काढता येईना.

"काय?" साहेबांनी विचारलं. "जमली?"

गाडीने कचेरी पंधरा मिनिटांवर. "अजून थोडी टेकडी बुटकी हवी" एवढं म्हटलं की अडीच. "मान चुकतेय" म्हटलं की पावणेतीन. साहेबांनी विश्वास ठेवला असता; त्यांची सही कशी असते हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. पंचवीस वर्षांची वाट त्या एका वाक्याने संपत होती. वहिनींनी तोंड उघडलंसुद्धा. पण खोटं बोलून घरात ठेवलेला माणूस घरात असतो का? तो खिडकीत असतो. आणि पुढे कधी त्याने विचारलं, त्या दिवशी मला जमली होती ना गं, तर काय सांगायचं?

"जमली," त्या म्हणाल्या. "निघा. वाटेत हाताला गारठा लागू देऊ नका."

साहेब उठले. दारात क्षणभर थांबले, काही बोलतील असं वाटलं. मग भाऊजींनी हॉर्न वाजवला.

वहिनी भरलेले कागद गोळा करत राहिल्या. शंभर तरी असतील. पहिल्या कागदांवर शेपटं काठापलीकडे धावत होती, शेवटच्या कागदावर सगळी परत आली होती. त्यांनी ते फेकले नाहीत.

पावणेचारला भाऊजी एकटेच परत आले, घामाघूम. "गेलं, वहिनी! सगळं गेलं! बाद केला बाईंनी अर्ज!"

"काय झालं?"

"सही चुकली! पहिलं अक्षर झकास, टेकड्या झकास, मी मागून बघतोय, म्हटलं जिंकलो. आणि शेपूट गेलं सरळ. पार काठापर्यंत. बाई म्हणाल्या, एकदाच म्हणजे एकदाच."

वहिनींना पहिला विचार आला तो हा की आपण शिकवण्यात कमी पडलो. "आणि हे कुठे आहेत?"

"चालत येतो म्हणाले. गाडीत बसायलाच तयार नाहीत."

साहेब आले तेव्हा पाच वाजायला आले होते. बुटांवर धूळ. "हात चुकला गं," ते म्हणाले. "पंचवीस वर्षांची सवय."

"असू दे," वहिनी म्हणाल्या. हवं होतं ते झालं होतं, पण असं नको होतं. लोकांनी पाठवलं नाही, कायद्याने पाठवलं नाही, आणि हा स्वतःही आला नाही. हात चुकला म्हणून घरी आला. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. आयुष्यभर वाट पाहावी आणि माणूस पत्ता चुकून दारात यावा, याला नशीब म्हणायचं की थट्टा? साहेबांनी बॅगेतून कपडे काढून विचारलं, "हे कुठे ठेवू?" वहिनींनी न बोलता कप्प्यांतल्या गोधड्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शिंपी दारात हजर. त्याच्या गल्लीतला दिवा पुन्हा गेला होता. जुनी मुदत संपायला अजून दोन महिने होते, तेव्हा पत्राला किंमत होती. आतल्या खोलीत साहेबांनी पंख्याचं बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात पंखा लागला. मग ते पुढे आले आणि काय करावं ते न समजून वहिनींच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

वहिनींनी पत्र लिहिलं. सवयीने सही करायला पेन टेकवलं, आणि थांबल्या. खुद्द माणूस शेजारी असताना आपण कशाला? त्यांनी कागद सरकवला. "घ्या. करा."

साहेब शिंप्याशी बोलत होते. दिवा कुठल्या कोपऱ्यावरचा, खांब लोखंडी की सिमेंटचा. बोलता बोलता त्यांनी पेन घेतलं आणि कागदाकडे जेमतेम बघत सही ठोकली. गोल मान, तीन टेकड्या, शेवटची बुटकी. आणि शेपूट खालून मागे वळून पहिल्या अक्षरापाशी येऊन अलगद थांबलं.

त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते खांबाविषयीच विचारत होते.

वहिनींनी कागद आपल्याकडे ओढला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. शिंप्याने हात पुढे केला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग म्हणाला, "वहिनी, पत्र?"

"थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. "शाई ओली आहे."

"अहो, बॉलपेनची शाई कसली ओली?" शिंपी म्हणाला.